काढा उरला, बाळंतपण गेले

यंदा वार्षिकांकासाठी कशावर लिहिणार, असे मैत्रिणींनी विचारले तेव्हा मी "बाळंतिणीच्या काढ्यावर" असे उत्तर दिले आणि लेडीज कॉमनरूममध्ये हशा पिकला. एकीने विचारले, "काय गं, दुसरा विषय नाही मिळाला?" दुसरी म्हणाली, "आणि सरांनी वाचला तर?" सरांनी तो अवश्य वाचावा अशीच माझी इच्छा आहे. आपल्या अंकात निसर्गावर, प्रेमावर, मृत्यूवर कविता येतात. पण ज्या एका वाटेने आपण सारे या जगात आलो, तिच्याविषयी एक ओळही येत नाही. तो बायकांचा विषय. आणि बायकासुद्धा तो दार लोटून घेऊनच बोलतात.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. माझी थोरली बहीण दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचे गाव खटाव तालुक्यातले, पाऊस आला तर आला अशा हिशेबाने जगणारे. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ताईची सुटका झाली. पहिली मुलगी होती, दुसरीही मुलगीच झाली. मी रात्री सोबतीला होते. प्रसूती तशी सुखरूप झाली होती, टाके नव्हते, सगळे 'नॉर्मल' होते. पण बाळाला अंगावर घेतले की ताई खालचा ओठ दाताखाली धरी, पाय पोटाशी ओढी आणि घामाने भिजून जाई. बाळ सुटले की थोड्या वेळाने कळ ओसरे. दोन तासांनी बाळ पुन्हा रडे, आणि बाळाच्या रडण्याने ताईच्या डोळ्यांत भीती उभी राही. स्वतःच्या लेकराला जवळ घ्यायला भिणारी आई मी तेव्हा प्रथमच पाहिली.

मी नर्सबाईंना बोलावून आणले. त्या म्हणाल्या, "दुसरेपणाला दुखतंच. बाळंतीण झालीस ना, मग सोसायला नको?" पहिले वाक्य शंभर टक्के खरे होते, हे मला नंतर कळले. दुसऱ्या वाक्याची मात्र काही गरज नव्हती. एवढ्या मोठ्या वॉर्डात त्या एकट्या होत्या, हेही मला दिसत होते, त्यामुळे त्यांच्यावर राग धरून बसण्यात अर्थ नाही. पण का दुखते, किती दिवस दुखेल, त्यावर गोळी आहे की नाही, यांपैकी एक शब्दही आम्हाला कोणी सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकल्यावर आजीने ताईला बाजेवर निजवले, लुगड्याच्या जुन्या पट्ट्याने तिचे पोट बांधले आणि चुलीवर पातेले चढवले. त्यात बाळंतशेपा, ओवा, सुंठ, पिंपळमूळ, वावडिंग आणि गूळ. पाणी निम्मे आटले की गाळायचे आणि वरून तुपाची धार सोडून गरमगरम प्यायचे. बाळाला पाजायला घेण्याच्या थोडे आधी आजी तो काढा ताईला देई आणि स्वतः बाजेशी बसून तिची कंबर रगडत राही. मी विचारले, "आजी, हे दुखतंय कशानं?" आजी म्हणाली, "पोरी, नऊ म्हैनं आत पसारा मांडला हुता. आता प्वाट घर आवरतंय. आवराआवर म्हटल्यावर भांडी वाजायचीच की!"

मी त्या वेळी हसले. पण नंतर तालुक्याच्या एका डॉक्टरबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आजीच्या वाक्याचा शास्त्रीय तर्जुमाच होता. बाळंतपणानंतर गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते, सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमवर येते. हे आकसणे म्हणजेच मागच्या कळा. बाळ स्तनाला लागले की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा द्राव रक्तात येतो. तो दूध बाहेर ढकलतो आणि त्याच वेळी गर्भाशयही आवळतो. वार सुटलेल्या जागी ज्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, त्या या आवळण्यानेच मिटतात आणि रक्तस्राव थांबतो. म्हणजे ताईला जे दुखत होते, तेच तिला वाचवतही होते. पहिल्या खेपेला स्नायू घट्ट असतात, ते एकदा आवळले की तसेच राहतात. पुढच्या खेपांना ते सैल पडतात आणि पुन्हा पुन्हा आवळावे लागतात, म्हणून दुखणे जास्त. बहुधा दोनतीन दिवसांत, फार तर आठवड्यात ते जाते. आणि हो, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालेल अशी साधी वेदनाशामक गोळी असते. डॉक्टरांना विचारून घेतली की काम भागते. हे सारे सांगायला बाईंना पाच मिनिटेही लागली नाहीत.

मग आजीच्या काढ्याचे काय? मी मराठी-संस्कृतची विद्यार्थिनी, म्हणून ग्रंथालयात सुश्रुतसंहितेचे भाषांतर काढून बसले. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात या दुखण्याला 'मक्कल्ल' असे नाव आहे. बाळंतिणीच्या बेंबीखाली गाठ धरते आणि बेंबी, ओटीपोट, उदर यांत शूळ उठतो, असे त्याचे वर्णन आहे. उपायांत तूप किंवा कोमट पाणी यांबरोबर यवक्षार आणि पिप्पल्यादि गणाचा काढा येतो. या गणात पिंपळी आहे, पिंपळमूळ आहे, सुंठ आहे. आमची आजी अंगठा उठवते. सुश्रुताचे नावही तिने ऐकलेले नाही. तिच्या पातेल्यात पिंपळमूळ कोठून आले? तिच्या सासूकडून, आणि सासूला तिच्या सासूकडून. ग्रंथातून घरात आले, की घरातून ग्रंथात गेले? मला दुसरी शक्यता अधिक वाटते. प्रसूतीच्या खोलीत पुरुषाला प्रवेश नव्हता. आत काय चालते ते ग्रंथकर्त्याला कोणा सुईणीनेच सांगितले असणार. अर्थात हा माझा तर्क आहे, संस्कृतच्या सरांनी तो खोडून काढावा.

वाचकांनी एक गैरसमज मात्र करून घेऊ नये. 'आपले पूर्वज सर्वज्ञ होते' असे म्हणणाऱ्यांच्या मेळाव्यात मी सामील झालेली नाही. काढ्याने ताईला बरे वाटले हे मी पाहिले; पण ते शेपांमुळे, गरम पाण्यामुळे, कंबर रगडणाऱ्या हातामुळे, की तिसऱ्या दिवशी कळा आपोआप ओसरतातच म्हणून, हे मला सांगता येणार नाही आणि आजीलाही नाही. शिवाय आमच्या घरात वाईट चालीही होत्या. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि लसणाची साले, खोलीच्या खिडकीला गोधडी लावलेली, आणि त्या धुरात आई आणि तीन दिवसांचे मूल. बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास. माझे आणि आजीचे यावरून कडाक्याचे भांडण झाले. शेवटी गोधडी निघाली, शेगडी ओसरीवर गेली, आणि आजी दोन वेळा माझ्याशी बोलली नाही. बाळंतिणीला पाणी बेताने पाजावे, नाहीतर पोट सुटते, हीदेखील अशीच एक समजूत. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान अधिक लागते आणि तिला पाणी अधिकच हवे. सुदैवाने या बाबतीत आजी उदार होती. फक्त पाणी उकळून, त्यात ओवा टाकून देत असे.

नावांचा घोळ हा आणखी एक धोका. आमच्याकडे बाळंतिणीला कातबोळ देण्याची रीत आहे. कात आणि बोळ. बोळ म्हणजे एका झाडाचा सुगंधी डिंक, हिराबोळ. पण काष्ठौषधींच्या दुकानात नुसते 'बोळ' मागितले तर काळा बोळही पुढे येऊ शकतो, आणि तो असतो कोरफडीच्या रसाचा वाळवलेला गोळा, जालीम रेचक. ओली बाळंतीण आणि जालीम रेचक! आजी डिंक हातात घेऊन, हुंगून, दाताखाली धरून पारख करते. मला ती पारख येत नाही. तुम्हालाही येत नसणार.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पाचवीचा दिवस उजाडला. घरात गडबड होती. पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाईची पूजा करायची, रात्री ती येऊन बाळाच्या कपाळावर लेख लिहिणार म्हणून दिवा जागता ठेवायचा. ताईच्या कळा चौथ्या दिवशी जवळजवळ थांबल्या होत्या. संध्याकाळी त्या पुन्हा सुरू झाल्या; पण या वेळी बाळ अंगावर असो वा नसो, पोट दुखतच होते. हुडहुडी भरली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "वारं शिरलंय. काढा वाढवा, शेक वाढवा." आत्यांनी सांगितले, अजवायनचा अर्क द्या. वडील म्हणाले, पूजा आटोपू दे, सकाळी बघू.

आजीने सगळ्यांना खोलीबाहेर काढले, फक्त मला ठेवले. तिने पट्टा सोडला आणि ताईच्या पोटावर हात ठेवला. बेंबीपाशी बोटे लावून ती खाली मोजत गेली. मग अंगाखालचे कापड उचलून नाकाशी नेले. बाहेर येऊन ती वडिलांना म्हणाली, "रोज एक बोट गोळा खाली सरकाय पायजे. पाच दीस झालं, आन् गोळा अजून बेंबीलाच हाय. वास बी धरलाय. हे माज्या काढ्याचं काम न्हाई. गाडी बोलव." वडील पूजेचे काहीतरी बोलू लागले. आजी म्हणाली, "सटवाई थांबंल. ही थांबायची न्हाई."

रात्री नऊला गाडी मिळाली, साडेदहाला आम्ही साताऱ्यात पोचलो. आत वारेचा एक तुकडा राहून गेला होता आणि त्यात जंतू झाले होते. तो काढला, सलाईनमधून प्रतिजैविके दिली. ताई पाच दिवस तेथे होती आणि बरी झाली. मोजण्याविषयी मी तेथल्या डॉक्टरांना विचारले. गर्भाशय दररोज साधारण एक बोटभर खाली उतरते आणि दहाबारा दिवसांत ओटीपोटाच्या हाडांमागे जाऊन हाताला लागेनासे होते, असे त्यांनी सांगितले. परिचर्येच्या विद्यार्थिनींना हे शिकवतात म्हणे. आजीला कोणी शिकवले होते कोण जाणे.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. आजीचे औषध म्हणजे ते पातेल्यातले पाणी नव्हे. ते औषध म्हणजे दिवसातून चार वेळा बाजेशी बसणारी बाई, पोटावर ठेवलेला हात, कापडाचा वास, बाळंतिणीच्या डोळ्यांकडे असलेले लक्ष; आणि 'हे माझ्या काढ्याचे काम नाही' असे म्हणण्याची हिंमत. शेपा आणि सुंठ हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग.

आणि आपण नेमका तोच भाग बाटलीत भरला. आज कोणत्याही औषधाच्या दुकानात बाळंतकाढा मिळतो, नंबर एक आणि नंबर दोन. पहिले दहा दिवस ही बाटली, पुढे ती. दशमूलारिष्टही मिळते. बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू ही दहा मुळे. मी ती पाठ केली आहेत, पण त्यांतली निम्मी झाडे मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. मोठ्या पाचांची मुळे काढायची म्हणजे झाडच जायचे, तेव्हा बाटलीत खरोखर काय असते हा प्रश्न आहेच. पण समजा, सगळे अस्सल आहे. तरी बाटलीला पोटावर हात ठेवता येत नाही. बाटलीवर 'दोन चमचे समभाग पाण्यातून' असे लिहिलेले असते, 'ताप आल्यास, वास आल्यास, कळ थांबून पुन्हा उठल्यास बाटली ठेवा आणि गाडी बोलवा' असे ठळक अक्षरांत लिहिलेले मी पाहिले नाही. शहरात दोन खोल्यांत एकटी राहणारी बाळंतीण, नवरा कामावर, आईला रजा नाही, सासू गावाकडे. तिच्या उशाशी ती बाटली असते, आणि घरच्यांना वाटते की आपण परंपरा पाळली.

दवाखान्यावरही माझा आक्षेप तोच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. ही फार मोठी गोष्ट आहे. सुईणीच्या हातून धनुर्वाताने मेलेल्या बाळांच्या कथा आजीच सांगते, त्या काळाविषयी मला तिळमात्र ओढ नाही. पण दवाखाना म्हणजे दोन-तीन दिवस. बाळंतपण सव्वा महिन्याचे. उरलेल्या दिवसांत कोण हात ठेवणार? आशाताई घरी येतात, त्यांचे काम मोलाचे आहे, पण त्यांच्या अंगावर कामाचा किती बोजा असतो ते आपण मोर्च्यांत ऐकतोच.

येथे आनंदीबाई जोशींची आठवण होते. कल्याणची ही मुलगी चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि तिचे मूल दहा दिवसांत गेले. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर होताना तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पाश्चात्त्य वैद्यक शिकत असताना तिला आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे हे तपासावेसे वाटले. तिने पातेले फेकले नाही आणि पूजलेही नाही. पुढच्याच वर्षी ती गेली, एकविसाव्या वर्षी, माझ्याच वयाची.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करीत होते. लिहितेच. ताईच्या पहिल्या बाळंतपणात सासरहून बाळंतविडा आला होता. साडी, खोबरे, खारीक, डिंक, हळीव, तूप. या खेपेला आला नाही. 'दुसरीही मुलगीच' हे वाक्य कोणी उच्चारले नाही, पण विड्याच्या न येण्याने ते सर्वांना ऐकू आले. सव्वा महिन्याची रीत; आणि एकविसाव्या दिवशी फोन आला की सुगी अंगावर आली आहे, कधी पाठवता? ज्या बाईच्या अंगात पाच दिवस सलाईन चालले होते तिच्याविषयी हा फोन होता. औषध तेच, शेपा त्याच, पण ते कुणाला किती दिवस द्यायचे हे पाळण्यात कोण आहे यावर ठरते.

आणि ज्यांना एक दिवसही मिळत नाही त्यांचे काय? आमच्या शिवारात दरसाल माणदेशातून, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. खोपीत बाळंत झालेली बाई आठवड्यात पुन्हा मोळ्या बांधताना मी पाहिली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई निजली तर कोयता अर्धा होतो. प्रसूती-लाभाचा कायदा १९६१ चा, २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली. ती नोकरदार बाईची. उसाच्या फडात सव्वीस आठवडे म्हणजे अख्खा हंगाम. तिला काढा कोण देणार, आणि तिचा गोळा किती बोटे खाली आला ते कोण मोजणार? हळिवाचे लाडू आणि डिंकाचे लाडू ही आपली 'महाराष्ट्राची परंपरा' असे आपण भाषणात म्हणतो तेव्हा त्या महाराष्ट्रात ही बाई धरलेली नसते. याच राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हेही त्याच पाहणीत आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या तोंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. आमच्या मराठी विभागात त्यांचा उल्लेख आदराने होतो. ओवीइतकाच ओवाही लिहून घेण्याजोगा आहे, असे मला सुचवायचे आहे. प्रत्येक विद्यार्थिनीने आपल्या घरच्या म्हातारीशेजारी एक दिवस बसावे. नुसती औषधांची यादी नको. केव्हा द्यायचे नाही, केव्हा हात टेकायचे, कोणती बाई कशाने गेली, हेही विचारावे. मग ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना एकेक ओळ तपासायला लावावी. मुलांनीही हे करावे. त्यांना खोलीबाहेर ठेवण्याची रीत आता मोडायला हरकत नाही. गाडी बोलवायची वेळ आली तेव्हा 'सकाळी बघू' म्हणणारा माणूस खोलीबाहेरचाच होता. वडील हा लेख वाचतील. त्यांना मी आधी दाखवला आहे.

माझी वही मी सुरू केली आहे. आजीच्या मापांनी हैराण केले. 'मूठभर', 'चिमूट', 'डोळ्याला दिसंल तेवढं'. एकदा तिच्या मुठीतल्या शेपा मी वाण्याच्या काट्यावर ठेवल्या, तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या मुठीत बराच फरक. मी तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "सकाळी तिला लई दुखत हुतं."

ताई चोविसाव्या दिवशी सासरी गेली. वडील तिला सोडायला निघाले. आजीने डब्यात लाडू भरले, वर फडके बांधले, आणि पिशवीत एक पुडी टाकली. मग पुन्हा ताईला आत बोलावले, बाजेवर निजवले आणि पोटावर हात ठेवून बोटे मोजली. काही लागले नाही. "जा आता," ती म्हणाली.